शंभरातले सत्तर

हार्टेनफोर्ड, विस्कॉन्सिन
१३ ऑक्टोबर १९४०

प्रिय कॉनराड,

तुझं कार्ड मिळालं. पुढे नायगराचा धबधबा, मागे सहा ओळी. सत्तावीस वर्षांचा घोडा झालास, मिलवॉकीला कामाची चौकशी करून येतो म्हणून घरातून निघालास, मी तुला वाटेत खायला बांधून दिलं, आणि तू थेट कॅनडात जाऊन इंग्लंडच्या राजासाठी विमानदळात भरती झालास. वर बहिणीला धबधबा!

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि मी वीस. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक शर्टाचं माप मी घेतलंय. तो गणवेश कोणी शिवला? डावा खांदा किंचित खाली आहे हे त्यांना सांगितलंस का?

रागावून झालं. आता इकडची बातमी. मला नवीन काम मिळालंय. पूर्वेकडची एक मतचाचणी संस्था आहे, ती देशभर लोकांना प्रश्न विचारते आणि आकडे वर्तमानपत्रांना देते. त्यांना आपल्या भागात घरोघर जाऊन विचारणारी एक बाई हवी होती. शिवणकामातून वेळ मिळतो, घरात आता कोणी नाही, म्हणून मी हो म्हटलं. इतके पुरुष, इतक्या बायका, इतके सुखवस्तू, इतके गरीब, असं वाटून दिलेलं असतं. सुखवस्तू कोण आणि गरीब कोण ते मी बघून ठरवायचं. आपल्या गावात हे सोपं नाही; डालमन खाटकाकडे मोटार आहे, पण पँटला दोन्ही गुडघ्यांवर ठिगळं मीच लावलीत.

पहिल्याच दिवशी त्याच्या दुकानात गेले. म्हटलं, “युद्धात उतरावं की बाहेर राहावं?” तो सॉसेज तोलता तोलता म्हणाला, “मिना, आधी तुझ्या भावाला कान धरून परत आण, मग मला विचार.” त्याचा चुलतभाऊ तिकडे जर्मनीत आहे, आपले दोन आहेत. तू हा विचार केलास का?

जवळजवळ सगळे ‘बाहेर’ म्हणाले. म्हणजे तुझा देश तुझ्याबरोबर नाही, बाळा. परत ये. अजून उशीर झालेला नाही.

तुझी
मिना


ऑन्टॅरिओ, कॅनडा
८ डिसेंबर १९४०

प्रिय मिना,

खांदा मी सांगितला. शिंपी म्हणाला, “लष्करात सगळ्यांचे खांदे सारखे असतात.” तर सध्या माझी डावी बाही बोटांपर्यंत येते.

इथे मी बिनतारी संदेशांचं काम शिकतोय. दिवसभर कानात टकटक. जेवताना शेजारचा काट्याने बशी वाजवू लागला की मी मनातल्या मनात अक्षरं लावतो. आम्ही अमेरिकन इथे बरेच आहोत, टेक्ससचे सगळ्यात जास्त, आणि सगळ्यांचं नाव एकच: यँक.

आता तुझी संस्था. तिचेच आकडे टोरोंटोच्या पेपरात छापून आलेत, मी कापून उशाखाली ठेवलेत. शंभरातले साठ अमेरिकन म्हणतात, इंग्लंडला मदत करा, मग युद्धात ओढले गेलो तरी चालेल. साठ! आणि तू मला लिहितेस की देश माझ्याबरोबर नाही. तू एका गावात चार दारं ठोठावलीस. हा सगळ्या देशाचा हिशोब आहे. हार्टेनफोर्ड म्हणजे अमेरिका नव्हे, देवाची कृपा.

बाकीचे मला रोज चिडवतात. “यँक, तुझे भाऊबंद कधी येणार? युद्ध संपल्यावर झेंडा घेऊन?” मी कात्रण दाखवतो. ते गप्प बसतात. निदान पाच मिनिटं.

नाताळला बर्टा मावशीकडे जा. एकटी बसू नकोस. मला तुझी ती सफरचंदाची जेली पाठव, इथे मिळते तिला नुसता लाल रंग आहे.

तुझा
कॉन


हार्टेनफोर्ड
२ फेब्रुवारी १९४१

प्रिय कॉन,

जेली पाठवलीय, दोन बाटल्या. एक फुटेल असं धरून चालले आहे.

तुझं कात्रण खरं आहे. माझं म्हणणंही खरं आहे. कसं ते सांगते. आम्ही एक नाही, दोन प्रश्न विचारतो. तू पहिला वाचतोस. मला दुसरा ऐकावा लागतो.

परवा लिंडक्विस्टबाईंकडे गेले होते. तिन्ही मुलगे स्वयंपाकघरात जेवत बसलेले. मी विचारलं, “इंग्लंडला मदत करावी का, युद्धात ओढलं जायचा धोका असला तरी?”

“करायलाच हवी,” बाई म्हणाल्या. “बिचारी माणसं, रोज डोक्यावर बॉम्ब.”

“आणि आज मतदान झालं, युद्धात उतरायचं की बाहेर राहायचं, तर?”

“बाहेर! हे काय विचारणं झालं, मिना?”

“पण आत्ताच तुम्ही म्हणालात, धोका पत्करू.”

“धोका म्हणाले मी. माझी पोरं नाही म्हणाले.”

धाकट्याने बटाटा चावता चावता माझ्याकडे बघून हसून दिलं.

मी दोन्ही उत्तरं लिहून घेतली. पहिल्यात त्या तुझ्या साठांत गेल्या. दुसऱ्यात त्या पंच्याऐंशींत गेल्या, आणि ते पंच्याऐंशी तुझ्या कात्रणात नाहीत. आत्ता उतरा म्हणणारे शंभरात पंधराच्या आसपास निघतात. बाई खोटं बोलल्या का? नाही. दोन्ही वेळा मनापासून बोलल्या.

लोक तुझी चौकशी करतात. यंदा शिवणकाम जरा कमी आहे; थंडीच इतकी पडलीय की कोणी मापं द्यायला घराबाहेर पडत नाही. पण प्रश्न विचारायला गेलं की कॉफी मिळते. अनोळखी माणूस दारात आला आणि म्हणाला, तुमचं मत काय, तर लोक किती बोलतात, तुला कल्पना नाही. उठवत नाही त्यांच्याकडून. दिवसभर ऐकून घरी आले की मी रेडिओ लावते. आवाज असावा म्हणून.

बर्टा मावशीकडे गेले नाही. तिचा मुलगा तुझ्याबद्दल काहीतरी बोलला असता आणि मी त्याच्या अंगावर सूप फेकलं असतं.

तुझी
मिना


इंग्लंड
१९ मे १९४१

प्रिय मिना,

पत्त्यात वर लिहिलंय तेवढं देशाचं नाव वाचून घे, बाकी काही लिहू देत नाहीत. समुद्र ओलांडून आलो. आता रोज पाऊस, रोज कोबी. तुझी शाबूत राहिलेली बाटली मी पेटीच्या तळाशी घालून आणली. आमच्या सहा जणांनी ती एका दुपारी संपवली. पायलट डंकन स्कॉटलंडचा आहे, फार बोलत नाही, पण त्याने बाटली बोटाने पुसून खाल्ली. विमानाच्या शेपटाकडची बंदूक सांभाळणारा गनर इद्रिस प्यू वेल्सचा, खाणीत काम करायचा. त्याला तिकडे कोणी नाही. आई-बाप गेले, भाऊ नाही. तुझी पत्रं मी वाचून दाखवतो तेव्हा तो सगळ्यात आधी येऊन बसतो. लिंडक्विस्टबाईंचा बटाटा त्याला पाठ आहे.

आणि ऐक. साठाचे आता सत्तर झालेत! शंभरातले सत्तर. मी यांना सांगितलंय, दर महिन्याला आकडा चढतोय, पीक निघेपर्यंत अमेरिका येणार. डंकन म्हणाला, “कुठलं पीक?” तरी तो रोज विचारतो, काही आलं का. मिना, हे इथे गमतीचं राहिलेलं नाही. माणसं परत येत नाहीत. त्यांच्या पलंगावर दुसऱ्या दिवशी दुसरं कोणी झोपतं. अशा वेळी मागून कोणीतरी येतंय एवढं कळलं तरी माणूस पायऱ्या चढून विमानात बसतो.

म्हणून तुझा दुसरा प्रश्न मी यांना सांगत नाही.

रागावू नकोस, पण मला एक विचारायचंय. तो दुसरा प्रश्न तू कसा विचारतेस? तुझा आवाज मला माहीत आहे. “कॉनराड, तू पोहायला जाणार आहेस की घरी राहणार आहेस?” असं तू विचारलंस की मी घरीच राहायचो. लोकांनी ‘बाहेर’ म्हणावं अशी तुझी इच्छा आहे. तशाच आवाजात विचारत असशील तर कोण ‘उतरा’ म्हणेल?

कॉन


हार्टेनफोर्ड
६ जुलै १९४१

प्रिय कॉनराड,

तुझं पत्र वाचून मी तीन आठवडे लिहिलं नाही. आता लिहिते.

संस्थेचा नियम आहे, छापलेलं असेल तेवढंच वाचायचं, त्यात एक शब्द घालायचा नाही. मी तसंच करते. पण तुझं वाक्य डोक्यात राहिलं म्हणून या खेपेला मी दुसरा प्रश्न कागद तोंडासमोर धरून वाचला. आवाज सपाट. बातम्या वाचतात तसा. समोरचे बुचकळ्यात पडले, पण उत्तरं दिली.

आणि तुला आनंद होईल. आपल्या गावात या महिन्यात निम्म्याहून जास्त लोक ‘उतरावं’ म्हणाले. डालमनसुद्धा. लिंडक्विस्टबाईसुद्धा, जराशा थांबून. हे तू तुझ्या मित्रांना सांगू शकतोस. खरं आहे, मी माझ्या हाताने लिहिलंय.

आणखी काय लिहू? उन्हाळा कडक आहे. अंगणातला बाक रंगवला. निळा मिळाला नाही म्हणून हिरवा. संध्याकाळी मी एका टोकाला बसते, आणि बाक दुसऱ्या टोकाला जरा उचलला जातो. तू बसायचास तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं.

इद्रिसला सांग, यंदा जेलीच्या चार बाटल्या पाठवीन. एक खास त्याच्या नावाची.

मिना


इंग्लंड
२८ सप्टेंबर १९४१

प्रिय मिना,

तुझं पत्र मी जेवणघरात उभं राहून वाचलं. ‘निम्म्याहून जास्त’ म्हटल्यावर इद्रिसने सगळ्यांना हार्टेनफोर्डच्या नावाने बिअर पाजली. ज्या गावात कधी सर्कसही थांबली नाही, त्याच्या नावाने पस्तीस माणसांनी ग्लास उंचावले. डंकनही उठून उभा राहिला.

डंकन आता नाही. विमान परत आलं, तोही परत आला, पण खुर्चीत बसलेला आणि संपलेला. आमच्या दुसऱ्या पायलटने शेजारून हात घालून उतरवलं. मी कानाला यंत्र लावून बसलो होतो आणि त्याला हाक मारत होतो. याहून जास्त लिहीत नाही.

आता मी इथे आहे आणि मला खोटं बोलायचं काही कारण नाही, म्हणून सांगतो. मी इंग्लंडसाठी आलो नाही. आकड्यांसाठी तर नाहीच. ते मागाहून जमवले. मिना, त्या स्वयंपाकघरात आपण दोघं म्हातारे होत चाललो होतो. तू शिवायचीस, मी पेपर वाचायचो, नऊ वाजले की तू म्हणायचीस, “चला.” एक दिवस मला वाटलं, मी आता उठून गेलो नाही तर कधीच जाणार नाही. तुला हे तोंडावर सांगता आलं नाही. राजासाठी जातो म्हणणं सोपं होतं.

आणि एक. डालमन ‘उतरा’ म्हणाला? खरंच? तू मला बरं वाटावं म्हणून तर लिहिलं नाहीस ना? तू कधी खोटं बोललेली मला आठवत नाही, म्हणूनच भीती वाटते.

तू सगळ्यांना विचारतेस. तुला कोणी विचारलं का? मी विचारतो. उतरावं की बाहेर राहावं? सपाट आवाजात विचारतोय.

तुझा
कॉन


हार्टेनफोर्ड
२३ नोव्हेंबर १९४१

प्रिय कॉन,

तू खरं लिहिलंस, आता मीही लिहिते.

डालमन ‘उतरा’ म्हणाला हे खोटं नाही. पण कसं म्हणाला ते मी लिहिलं नव्हतं. त्याने सुरी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काय लिहायचं ते लिही, मिना. ‘उतरा’ लिही. तुला बरं वाटेल ते लिही.” लिंडक्विस्टबाईंनी माझा हात धरला आणि मग ‘हो’ म्हटलं. तू माझ्या आवाजाला दोष दिलास. आवाज नव्हता रे, माझा चेहरा होता. मी दारात उभी राहिले की त्यांना तू दिसतोस. कॉनची बहीण आलीय, तिला ‘नाही’ कसं म्हणायचं?

त्यानंतर मी प्लम रिव्हरला जाऊन विचारलं. तिथे मला कोणी ओळखत नाही. तिथे शंभरातले ऐंशी ‘बाहेर’ म्हणाले. मग हार्टेनफोर्डचे कागद मी संस्थेला परत केले आणि लिहून कळवलं की इथे दुसऱ्या कोणाला नेमा.

शिवणकाम थंडीने कमी झालेलं नाही. बर्टा मावशी आणि तिच्या ओळखीतल्या सगळ्यांनी कपडे दुसरीकडे टाकलेत. त्यांच्या मते तू आपल्याच रक्तावर बॉम्ब टाकतोस. म्हणजे अर्ध्या गावाला माझा राग आहे आणि अर्ध्याला कीव. साधं ‘काय मिना, कशी आहेस’ म्हणणारं कोणी उरलं नाही.

तू गेलास त्याचं खरं कारण वाचलं. वाईट वाटलं. मग ‘चला’ हा शब्द मी मोठ्याने म्हणून पाहिला. मीसुद्धा पळून गेले असते.

आता तुझा प्रश्न. बाहेर राहावं. प्रत्येक वेळी, प्रत्येक महिन्यात माझं हेच उत्तर होतं. लिंडक्विस्टबाईंची पोरं जाऊ नयेत. पण तू एक दिवस लवकर घरी येणार असशील, तर मी सगळ्यांना पाठवीन, तिन्ही पोरांना, धाकट्यासकट. असं उत्तर लिहायला आमच्या कागदावर जागा नाही. तू ठरव मी कशात बसते.

तुझी
मिना


इंग्लंड
२१ डिसेंबर १९४१

आदरणीय मिस ऑस्टरटॅग,

मी इद्रिस प्यू. कॉनराडच्या विमानातला गनर. तुम्हाला सरकारी तार मिळाली असेलच. त्या दिवशी माझ्या कानाला सूज होती म्हणून डॉक्टरांनी मला जाऊ दिलं नाही. माझ्या जागी दुसरा गेला. विमान परत आलं नाही. एकाने ते समुद्राकडे खाली जाताना पाहिलं. मी हे का लिहितोय मला कळत नाही, पण कोणीतरी लिहायला हवं, आणि ते मीच लिहावं असं वाटलं.

तुमचं नोव्हेंबरचं पत्र त्यानंतर आलं. मी ते उघडलेलं नाही. सोबत परत पाठवतो आहे.

आठवड्याभराने रेडिओवर अमेरिका युद्धात उतरल्याची बातमी आली. जेवणघरात कोणीतरी म्हणालं, “यँक खरं सांगत होता.” तो नेहमी सांगायचा, माझं गाव तुमच्या पाठीशी आहे, माझ्या बहिणीने स्वतः विचारलंय. आम्हाला त्याचा खूप आधार होता. तुमच्या गावातल्या लोकांना माझे आभार सांगा.

तो शेवटपर्यंत आनंदात होता. आदल्या शनिवारी आम्ही गावात नाचाला गेलो होतो. हिरव्या कोटातली एक मुलगी होती, ती दुसऱ्या कोणाबरोबर नाचेचना.

मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं असेल तर माफ करा.

आपला
इद्रिस प्यू


हार्टेनफोर्ड
१५ फेब्रुवारी १९४२

प्रिय इद्रिस,

‘आदरणीय मिस’ नको. मिना म्हणा. तुमच्या पत्रात काही चुकलेलं नाही.

रेडक्रॉसकडून कळलं की हॉलंडच्या किनाऱ्यावर त्याला पुरलंय. तिथल्या लोकांनी पुरलं. कोण होते ते कोणास ठाऊक, पण त्यांनी नाव लिहून ठेवलं, म्हणून मला कळलं.

इथे आता सगळं वेगळं आहे. मी अजून प्रश्न विचारते, प्लम रिव्हरला आणि पलीकडच्या शेतवस्तीवर. प्रश्न नवे आहेत, लोक तेच. उन्हाळ्यात ज्याने मला अंगणातूनच “बाहेर, बाहेर” म्हणून घालवलं होतं तो गृहस्थ परवा म्हणाला, “मी तर पहिल्या दिवसापासून म्हणत होतो की उतरायला हवं.” खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच आठवतं. मी विचारणारी, बोलणारी नव्हे.

आमच्या नगराध्यक्षांनी येऊन सांगितलं की शाळेसमोर फलक लावायचा आहे, त्यावर पहिलं नाव कॉनचं. बर्टा मावशी केक घेऊन आली आणि दारात रडली. मी तिला आत घेतलं. ती तरी काय करणार? तिच्याही मुलाला बोलावणं आलंय. लिंडक्विस्टबाईंचे थोरले दोघे गेले. त्या मला रस्त्यात भेटल्या, आम्ही दोघी उभ्या राहिलो, आणि कोणी कोणाला काही विचारलं नाही.

तुम्ही परत पाठवलेल्या पत्रात मी त्याला सांगितलं होतं की आमच्या गावाचा ‘हो’ खरा नव्हता. लोकांनी माझ्याकडे बघून दिलेला होता. तुम्ही ज्यांच्या नावाने ग्लास उंचावलेत त्यांचं हे असं आहे. त्याला हे कळायच्या आत तो गेला याचं मला बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटते. तुम्हाला सांगावं की नाही याचा पुष्कळ विचार केला. पण तुम्ही आभार मानलेत, ते मी खोट्या नावाने घेऊ शकत नाही. आता तुम्ही माझ्यावर रागावलात तर मी समजू शकते. तरीही उत्तर द्यावं असं मला वाटतं.

कारण मला तुम्हाला एक विचारायचंय. गेलं दीड वर्ष मी इतक्या लोकांना विचारलं, आणि ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ एवढंच लिहून घेतलं. हे तसलं नाही. याला वेळ घ्या, पानं लागली तर लागू देत.

तुम्ही लिहिलंत, तो नाचाला गेला होता. इद्रिस, एकवीस वर्षं तो माझ्यासमोर वाढला, पण मी त्याला एकदाही नाचताना पाहिलं नाही. त्याला नाचता येत होतं? कोणी शिकवलं? कसा नाचायचा?

तुमची
मिना ऑस्टरटॅग